नुकसान : निरंक

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी असते. हर्षाली बोंडे मात्र जळगावच्या वादळ केंद्रात एकटी बसली होती आणि तिच्या मनगटावरचा फोन सकाळपासून थांबत नव्हता.

"निघालीस का?" भूषणनं विचारलं. तिचा थोरला भाऊ. त्याच्यामागे डफ वाजत होता, कुणीतरी हळद कालवायला तेल मागत होतं.

"ड्यूटी आहे भाऊ. चारनंतर निघते."

"चारनंतर? पट्टा बहिणीनं बांधायचा असतो. तू आली नाहीस तर सोनल म्हणते ती बांधेल, आणि बायकोनं बांधलेला पट्टा सुटत नाही म्हणतात."

मागून वहिनीचा आवाज आला, "ताई, तुम्ही या. मला पुण्य नको आणि पापही नको."

हर्षाली हसली. पिंपळझिऱ्याच्या बारागाड्यांचा मान बोंड्यांच्या घरात तीन पिढ्या होता. बारा बैलगाड्या साखळीनं एकामागे एक जोडायच्या, त्यांत माणसं मावतील तेवढी भरायची, आणि दिवस मावळताना एका माणसानं, भगतानं, कमरेच्या पट्ट्याला आकडा अडकवून ती सगळी रांग मरीआईच्या देवळापर्यंत ओढत न्यायची. गावात आता बैल उरले नव्हते. गाड्या वर्षभर कापसाच्या जिनिंगच्या गोदामात उभ्या असत आणि फक्त या एका दिवसासाठी बाहेर निघत. वडिलांचे गुडघे गेले, म्हणून यंदा पट्टा भूषणच्या कमरेला येणार होता. पहिलं वर्ष. पहिल्या वर्षी ओढ मोडली तर मान सरोद्यांच्या घरात जातो, हा गावचा जुना कायदा.

"हवा कशी आहे?" भूषणनं सहज विचारलं.

"समरूप म्हणतं पंधरा टक्के."

"म्हणजे?"

"म्हणजे काही होणार नाही."

"मग चारची साडेतीन कर," म्हणून त्यानं फोन ठेवला.

समरूप हे त्या यंत्राचं नाव. २०४३ सालात त्याच्याशिवाय जिल्ह्याचं पान हलत नसे. त्याची युक्ती साधी होती. गडगडाटी वादळाला तीन गोष्टी लागतात : खाली ओलावा, वर थंड हवा म्हणजे खालची हवा उसळून वर जाईल, आणि उंचीनुसार बदलत जाणारा वारा म्हणजे ढग उभा राहून टिकेल. रोज पहाटे ड्रोन जमिनीपासून आभाळापर्यंत जाऊन या तिन्हींची मापं आणत. समरूप ती मापं घेऊन मागच्या सगळ्या वर्षांच्या, ड्रोनच्या आधी फुग्यांनी मोजलेल्याही, हवेशी ताडून बघे आणि आजच्या हवेसारखे वीस दिवस निवडे. त्या वीस दिवसांपैकी जितक्या दिवशी वादळ झालं, तितका आजचा धोका. गणित लोकांना कळत होतं, म्हणून त्यांचा त्यावर विश्वास होता. 'आजची हवा तुमच्या थोरलीच्या लग्नाच्या दिवशी होती तशी आहे' असं सांगितलं की माणूस गच्चीवरचे पापड आपणहून उचलतो.

आजच्या वीस दिवसांपैकी तीन दिवशी वादळ झालं होतं. पंधरा टक्के. पन्नासच्या पुढे गेल्याशिवाय यंत्र जिल्ह्यातले फोन वाजवत नसे.

हर्षालीला एक सवय होती. आकडा बघून झाला की ती ते वीस दिवस एकेक करून उघडून बघे. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर बघितलं नसतं, कारण बघायची गरजच नव्हती. आजचे वीस दिवस तापीच्या दक्षिणेच्या कोरडवाहू पट्ट्यातले होते, म्हणजे पिंपळझिऱ्याचाच परिसर. वादळाचे तिन्ही दिवस अलीकडचे, शेवटच्या नऊ वर्षांतले; त्या वर्षांतला शांत दिवस एकच. त्याआधीचे सोळा दिवस एकजात शांत.

ती थांबली. नऊ वर्षांपूर्वी त्या पट्ट्यात काय बदललं होतं?

कालवा आला होता.

तिनं तिन्ही वादळी दिवसांचे आलेख सोळा शांत दिवसांच्या आलेखांवर ठेवले. रेषा एकमेकींत मिसळून गेल्या. ओलावा तोच, वारा तोच, ढगाचा तळ तितकाच उंच. हवेला कालव्याचं काय? तिनं भूषणला फोन लावला.

"आता काय, दोन वाजता येतेस?"

"भाऊ, लहानपणी आखाजीला वादळं व्हायची, आठवतं का? धुळीची."

"व्हायची की. झोके बांधलेले असायचे, आई आपल्याला आत ओढायची."

"मोठी व्हायची?"

"रामदास काकांच्या गोठ्याचे पत्रे नाही का उडाले? एक तर विहिरीत सापडला."

"मग तेव्हा तलाठी आला होता का पंचनाम्याला?"

भूषण हसायला लागला. "चार पत्र्यांसाठी तो कशाला येईल? शेतात होतं काय? कपाशीच्या पऱ्हाट्याही उपटून झालेल्या. मोकळ्या रानाचा कुणी पंचनामा करतं होय?"

हर्षालीनं फोन ठेवला आणि केंद्राचा नोंदींचा नियम उघडला.

समरूपला हवा ड्रोन सांगत असत, पण वादळ झालं की नाही हे कोण सांगणार? पूर्वी लोकांचे व्हिडिओ घेत. मग असा काळ आला की कुणीही घरबसल्या गारांचा खच दाखवू लागलं आणि खऱ्याखोट्याचा मेळ लागेना. तेव्हा केंद्रानं ठरवलं की पुरावा एकच : पंचनामा. त्यावर गावातल्या पाच माणसांच्या सह्या असतात, महसूल खात्याचा माणूस बांधावर जाऊन बघतो. पंचनामा आहे म्हणजे वादळ आहे, नाही म्हणजे नाही. नियम चांगला होता. फक्त पंचनामा नुकसानीचा होतो, आणि नुकसान व्हायला रानात काहीतरी उभं असावं लागतं. कालवा आला, केळी आली, उन्हाळी भुईमूग आला, आणि त्याबरोबर कागदावर वादळंही आली. त्याआधी मोकळ्या रानावर जे कोसळलं त्यानं कुणाचं पीक मोडलं नाही, म्हणून ते झालंच नव्हतं.

पर्जन्यमापकाचाही उपयोग नव्हता. त्या कोरड्या पट्ट्यातल्या वादळाची जातच निराळी. ढगाचा तळ इतका उंच की पाऊस खाली येताना तापल्या हवेतच आटून जातो. आटताना तो हवा गार करतो, गार हवा जड होते आणि तो गोळा दणकन जमिनीवर येऊन आपटतो, फरशीवर बादली ओतावी तसा चहूकडे पसरतो. पावसाचे चार थेंब. वारा मात्र असा की मोजायला यंत्र टिकत नाही. आणि वीज असतेच.

एक गोष्ट मात्र तपासता येत होती. उपग्रहांची जुनी चित्रं होती. तिनं त्या शांत म्हणवलेल्या सोळा दिवसांच्या संध्याकाळची चित्रं मागवली. सात दिवस खरोखर निरभ्र होते. उरलेल्या नऊ दिवशी त्याच पट्ट्यावर ढग उभा राहिला होता, माथा पार वर पोचून ऐरणीसारखा पसरलेला, आणि मग पाहता पाहता खचलेला.

नऊ आणि तीन बारा. विसातले बारा. पंधरा टक्क्यांचे साठ झाले.

तिनं पुण्याला डॉ. अरुंधती कामतांना फोन लावला. पंचनाम्याचा नियम त्यांचा होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चित्रं मागून घेतली आणि चष्मा लावून बघितली.

"कालव्यामुळे ओलावा वाढला असेल," त्या म्हणाल्या. "म्हणून वादळं नंतरचीच आहेत."

"वाढलाच असेल मॅडम. पण तो मोजलेल्या हवेत आलाच ना? हवा सारखी असताना कालवा दुसऱ्यांदा का मोजायचा?"

"बरं. पण ढग उंच गेला म्हणजे खाली वादळ झालं, असं होत नाही. हे तुला मी शिकवायला नको."

"नको. म्हणूनच तीन खऱ्या वादळांचे ढग आणि हे नऊ शेजारी ठेवलेत. मला ते वेगळे ओळखू येत नाहीत. तुम्हाला येतात?"

कामतांनी बाराही चित्रं पुन्हा एकेक करून बघितली.

"नाही," कामत म्हणाल्या. "पण नियमाप्रमाणे मी आकडा बदलू शकत नाही. पंचनामे आण, बदलते."

"मग मी मानवी सूचना देते."

"हर्षाली, तुझी एक चुकलेली आहे."

तिला ते सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत तिनं यंत्राला डावलून सूचना दिली होती. अर्ध्या तालुक्यानं मांडव उतरवले आणि संध्याकाळी चांदणं पडलं. तेव्हापासून माहेरी तिला गाराबाई म्हणत.

"दुसरी चुकली तर तुझा अधिकार जाईल," कामत म्हणाल्या. आवाजात धमकी नव्हती, काळजी होती. "आणि इथे वर असं बोललं जातंय की त्या खुर्चीत माणूस ठेवायचाच कशाला. तू त्यांच्या हातात कारण देशील."

"त्या मैदानावर आज पाच-सहा हजार माणसं असतील. बारा गाड्यांना लोखंडी साखळी आहे."

"तुझा भाऊ आहे ना तिथे?"

"आहे. तो नसता तरी मी हेच केलं असतं. पण हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही, तेव्हा तो मुद्दा सोडून द्या."

तिनं आपला संकेतांक घातला आणि सूचना सोडली. मग गाडीची किल्ली घेतली. मानवी सूचना म्हणजे सल्ला. पोलिसांना गर्दी हटवायचा अधिकार यंत्राच्या लाल सूचनेनंच मिळे. सल्ला मानायचा की नाही हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

पिंपळझिऱ्याला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. वायव्येला आभाळाच्या कडेला मळकट पांढरा फुगवटा दिसत होता, कुणाचं लक्ष जाऊ नये इतका लांब. मैदान फुललं होतं. गाड्या रंगवून, माळा घालून रांगेत उभ्या होत्या, पोरं आत्तापासून आत चढून बसली होती. सूचना सगळ्यांच्या फोनवर वाजून गेली होती, आणि तिची चेष्टाही होऊन गेली होती.

"आली गाराबाई," रसवंतीवाला म्हणाला. "बर्फ फुकट मिळणार आज."

"बाई, छत्री घरी ऱ्हायली, आणू का?"

ती सरळ देवळामागे गेली. तिथल्या शेडमध्ये भूषण पाटावर बसला होता, अंगाला हळद, कपाळावर मळवट. दिवसभराच्या उपासानं चेहरा ओढला होता. शेजारी यात्रा समितीचे अध्यक्ष केशव सरोदे काठी टेकून उभे होते. सत्तरीचा माणूस, ताठ. मान गेला तर तो याच घरात येणार होता, पुतण्याकडे.

भूषणनं चामड्याचा पट्टा तिच्यापुढे धरला. "बांध."

"भाऊ, आज ओढू नको."

"सूचना तूच पाठवलीस म्हणे."

"हो."

"सकाळी तूच म्हणालीस काही होणार नाही."

"सकाळी यंत्र म्हणालं होतं. ते अजूनही तेच म्हणतंय. मी म्हणते होईल."

सरोदे आबांनी घसा साफ केला. "ताई, यंत्र सरकारनं कोट्यवधी घालून आणलं. ते सांगतं काही नाही. तुम्ही सांगता आहे. गावानं कुणाचं धरायचं?"

"यंत्राला आपल्या रानातली वादळं माहीत नाहीत आबा. त्याला फक्त पंचनामे माहीत आहेत."

"मग दिवस असताना ओढा," ते म्हणाले. "आत्ता. पण ती ओढ धरली जात नाही, हे तुमच्या वडिलांना विचारा. मावळतीचीच लागते."

भूषण अजून पट्टा धरून होता. "हर्षू, एक सांग. खरं सांग. किती खात्री?"

ती खोटं बोलू शकली असती. शंभर म्हणाली असती तर तो त्या क्षणी उठला असता, हे तिला माहीत होतं.

"दहातल्या सहा वेळा," ती म्हणाली.

"म्हणजे चार वेळा मी गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही."

"हो."

"आणि तूही."

"मी तर आहेच गाराबाई."

तो हसला नाही. बाहेर डफ वाढला होता. त्यानं शेडच्या दारातून गाड्यांकडे बघितलं. तिसऱ्या गाडीत पोरांनी कुणाच्या तरी डोक्यावरची टोपी पळवली होती आणि ती हातोहात फिरत होती.

"तू सहा म्हणालीस," भूषण म्हणाला. "दहा म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, बहीण घाबरली." त्यानं पट्टा गुंडाळला आणि पाटावर ठेवला. "आबा, मी ओढत नाही."

सरोद्यांनी काठी आपटली. "पहिल्या वर्षी? विचार कर भूषण. तुझ्या बापानं ताप असताना ओढल्यात."

"तापाला वीज नसते आबा."

तो अनवाणी मैदानात गेला. हळद लावलेल्या भगताचा शब्द त्या दिवशी देवाचा शब्द, एवढं गाव अजून मानत होतं. त्यानं आरडाओरडा केला नाही. पहिल्या गाडीपाशी जाऊन म्हणाला, "उतरा," आणि उतरेपर्यंत तिथून हलला नाही. मग दुसऱ्या गाडीपाशी गेला. शिव्या त्याला ऐकू येत होत्या. एकानं बांगड्या भर म्हणून सांगितलं. तो प्रत्येक गाडीपाशी तेवढा एकच शब्द बोलला. हर्षाली, शाळेचे मास्तर आणि एक घामाघूम झालेला हवालदार माणसांना शाळेच्या आणि जिनिंगच्या पक्क्या इमारतींकडे वळवत होते. शेवटी चिडलेल्याच तरुणांनी गाड्या गोदामात ढकलल्या. इतक्या सुंदर रंगवलेल्या गाड्या उघड्यावर कशाला ठेवायच्या, एवढं त्यांना पटलं.

सूर्य फुगवट्यामागे गेला. मैदान रिकामं झालं होतं आणि काहीही होत नव्हतं. जिनिंगच्या दारात गर्दी उभी होती, आणि गर्दीची शांतता वाईट असते. सरोद्यांचा पुतण्या मोठ्यानं म्हणाला, "बघा, पानसुद्धा हलत नाही."

ते खरं होतं. पान हलत नव्हतं. हर्षालीला ते आवडलं नाही.

मग वायव्येकडून मातीची भिंत आली. आवाज आधी आला, डांबरी रस्त्यावर खडी ओतावी तसा. भिंत देवळाच्या कळसाएवढी उंच होती आणि खाली वळत वळत पुढे येत होती. कुणीतरी दार ओढून घेतलं. आत अंधार झाला. बाहेर वीज पडली तेव्हा फटींतून आलेल्या उजेडात लोकांचे चेहरे पांढरे दिसले. लगेच दुसरी, तिसरी. पत्र्यावर गारा सुरू झाल्या आणि बोलणं ऐकू येईनासं झालं. पोरं रडत होती. हर्षालीनं भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले आणि ती वाऱ्याच्या आवाजावरून वेग मोजायचा प्रयत्न करत राहिली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

थांबलं तेव्हा दार उघडायला कुणी पुढे होईना. भूषणनं उघडलं. मैदानाच्या मधोमध, जिथे साखळीचा मधला भाग येणार होता तिथे, मातीत फांद्यांसारखी काळी भेग उमटली होती. गारा वितळत होत्या. बाकी काही नव्हतं. मोडायला तिथे काही उरलंच नव्हतं.

त्या रात्री कुणी तिला गाराबाई म्हणालं नाही. पण सकाळी गोष्ट बदलली.

उजाडताच समरूपनं नेहमीप्रमाणे आदल्या दिवसाचा हिशेब लावला आणि तो सगळ्यांच्या फोनवर आला. पिंपळझिरे परिसर. पंचनामे : शून्य. वादळ : नाही. मानवी सूचना : चुकीची.

वादळ आपटलं त्या उंच भागात कालव्याचं पाणी चढत नव्हतं; तिथे केळी नव्हती, मोकळं माळरान होतं. माणसं पक्क्या भिंतीत होती, गाड्या गोदामात होत्या. सूचना मानली गेली म्हणून काही मोडलं नाही, आणि काही मोडलं नाही म्हणून सूचना खोटी ठरली. हर्षालीनं ती ओळ पुन्हा वाचली. हे आधी का सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं. या नियमात लोकांना वाचवणारी प्रत्येक सूचना खोटीच ठरणार होती.

चावडीवर समिती बसली होती. सरोद्यांचा पुतण्या फोन नाचवत होता. "सरकार म्हणतं काल वादळ नव्हतंच. मग ओढ का मोडली? भगत भ्याला म्हणून. मान आमच्याकडे येतो."

"अरे, तू माझ्या शेजारी उभा राहून रामरक्षा म्हणत होतास," कुणीतरी म्हणालं.

"ते मला माहीत आहे. कागद काय म्हणतो ते बोला."

भूषण भिंतीला टेकून बसला होता. त्यानं बहिणीकडे बघितलं नाही.

कामतांचा फोन आला. "मी चित्रं बघितली," त्या म्हणाल्या. "झालं, मला माहीत आहे. पण पंचनाम्याशिवाय मी नोंद फिरवली तर उद्या प्रत्येक जण माझ्याकडे चित्रं घेऊन येईल."

"नियम मोडू नका," हर्षाली म्हणाली. "पंचनामा पाठवते."

"कशाचा? नुकसान काय आहे?"

"काही नाही."

तिनं गावचे तलाठी सलीम तडवी यांना गाठलं. ते मैदानावरच होते, कालच्या भेगेचा फोटो काढत. ती काय मागतेय हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"मॅडम, पंचनामा नुकसानीचा असतो," ते म्हणाले. "नुकसान नाही तर तहसीलदार विचारतील, तडवी, गेला होतास कशाला?"

"नुकसान किती ते जागेवर जाऊन पाच माणसांसमक्ष ठरवायचं, असंच आहे ना? ते शून्य असू नये असं कुठे म्हटलंय?"

तडवींनी थोडा विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "कुठेच नाही. आजवर कुणी मागितला नाही एवढंच. पण पाच पंच पाहिजेत. घरचा माणूस चालणार नाही, तुमचा भाऊ नको."

मास्तर तयार झाले. जिनिंगचा चौकीदार झाला. रसवंतीवाला स्वतःहून आला आणि खाली मान घालून सही करून गेला. चौथी सही अंगणवाडीच्या बाईंनी केली. पाचवं कुणी पुढे येईना. समितीतल्या माणसांना कळत होतं की या कागदावर सही म्हणजे ओढ उगाच मोडली नाही अशी साक्ष, आणि सरोद्यांच्या तोंडावर ती कोण देणार?

हर्षाली सरळ केशव सरोद्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, तुमची सही पाहिजे."

पुतण्या काहीतरी बोलायला लागला. आबांनी काठी थोडी वर केली आणि तो गप्प झाला.

"ताई, तुम्हाला ठाऊक आहे या सहीनं माझ्या घरातून काय जातं ते?"

"ठाऊक आहे."

"तरी माझ्याकडेच आलात."

"काल तुम्ही दाराजवळ होता. सगळ्यांत नीट तुम्हीच बघितलंत. आणि तुमची सही असली तर तिला कुणी खोटी म्हणणार नाही."

आबांनी पेन घेतलं नाही. त्यांनी काठीनं मैदानाकडे दाखवलं. "माझी दोन नातवंडं तिसऱ्या गाडीत होती," ते म्हणाले. "भूषणनं उतरा म्हटलं तर धाकटं उतरेना. मग भूषणनंच त्याला काखेत धरून खाली ठेवलं." त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडे. मान पुढच्या वर्षी कुणाला द्यायचा ते समिती ठरवेल. समितीत माझं मत एक, पण ते मी सगळ्यांसमोर सांगेन."

त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. भिंतीपाशी भूषण उठून उभा राहिला होता.

तडवी रकाने भरत होते. "क्षेत्र : गावचं मैदान आणि लगतचं माळरान. नुकसान : निरंक." त्यांनी वर बघितलं. "पुढे 'नुकसानीचे कारण' असा रकाना आहे मॅडम. तो मोकळा सोडू?"

"नाही. लिहा, वादळ."

"नुकसान निरंक, कारण वादळ." तडवींनी ते स्वतःशीच पुन्हा म्हणून बघितलं. "चालतंय."

कागद पुण्याला गेला. समरूप अडलं. नुकसान शून्य असलेली नोंद त्यानं कधी घेतली नव्हती; त्यानं वरिष्ठांची संमती मागितली. हर्षालीनं कामतांना फोन लावला.

"पाच सह्या आहेत," त्या म्हणाल्या. "नियमात बसतं." आणि त्यांनी आपला संकेतांक घातला.

वादळ : झाले. त्या वीस दिवसांत कालचा दिवस एकविसावा म्हणून जमा झाला. एकविसातले चार, म्हणजे पंधराचे एकोणीस टक्के झाले.

"एवढ्यासाठी?" भूषण तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. कालपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"अजून नऊ दिवस आहेत भाऊ. ते भरले की हा फोन यंत्रच वाजवेल. मी खुर्चीत असेन नसेन."

तिनं त्या नऊ दिवसांतला सगळ्यांत जुना दिवस उघडला, तारीख बघितली आणि ती आबांजवळच्या ओट्यावर जाऊन बसली.

"आबा, तुमचं लग्न कोणत्या सालचं?"

"का गं?"

"१९९९ मधली एक आखाजी मला विचारायची आहे. त्या दिवशी इथे काही झाल्याची नोंद नाही."

आबांनी काठी भिंतीला लावून ठेवली.

"नव्व्याण्णवच, आणि दिवस आखाजीचाच," ते म्हणाले. "मांडव उडाला होता आमचा. वऱ्हाडातली हयात असलेली पाच माणसं तर मी आत्ता बोलावतो. तडवी, अजून एक कागद आहे का?"